एका डॉलरची क्लिप आणि मामाचं छप्पर

तीन-चार वीकांत इथे काही लिहिलं नाही, कारण हातात कीबोर्डऐवजी हातोडी होती. डाव्या अंगठ्याचं नख अजून निळं आहे आणि सोमवारच्या मीटिंगमधे ते बघून मॅनेजरने "आर यू ओके?" असं विचारून झालं आहे. आपल्याकडे मेकॅनिकलची डिग्री घेऊन जावा लिहिणारे पैशाला पासरी मिळतात, मी त्यातलाच एक. चार वर्षांत वर्कशॉपच्या तासाला जे काय लाकूड कापलं असेल तेवढंच. त्यामुळे शेजारच्या म्हातारबाबांनी "मागच्या अंगणात वर्कशॉप बांधतोय, मदतीला येतोस का?" असं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणून टाकलं. अज्ञानात सुख असतं म्हणतात ते हेच.

म्हातारबाबा म्हणजे माझ्या अपार्टमेंटच्या कुंपणापलीकडचे गृहस्थ. वय ६८, आयुष्यभर ट्रक दुरुस्त केले, आता रिटायर. गाव नॉर्थ कॅरोलायनात, रॅलेपासून अर्ध्या तासावर. वर्कशॉप १२ फूट बाय २० फूट, लाकडी सांगाड्याचं, खाली काँक्रीटची लादी, वर शिंगल्सचं उतरतं छप्पर. एका टोकाला सामान टाकायला माळा. इकडे अशी कामं लोक घरचे घरी करतात आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. आपण दिवाळीचा आकाशकंदील करतो तसं.

आता मूळ विषय. लाकडी घर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सुतार येतो. पटाशी, रंधा, गुण्या, कानावर पेन्सिल. एका लाकडाला खाच पाडायची, दुसऱ्याचं टोक तासून त्यात बसवायचं, वरून पाचर ठोकायची. म्हातारबाबांच्या वर्कशॉपात यातलं काहीही नव्हतं. दुकानातून टू-बाय-फोरच्या फळ्या आणायच्या (हे नाव निव्वळ फसवं आहे, मोजलं तर दीड इंच बाय साडेतीन भरतं), सरळ काटकोनात कापायच्या आणि जिथे दोन लाकडं भेटतात तिथे पत्र्याचा एक वाकवलेला तुकडा ठेवून खिळे ठोकायचे. तुळई जिथे टेकते तिथे तिला झोळीसारखं धरणारा हँगर, वासा जिथे भिंतीवर बसतो तिथे क्लिप, खांबाच्या पायाशी बूट. प्रत्येक तुकड्याला नंबर, प्रत्येकाला किती भोकं आणि प्रत्येक भोकात कुठला खिळा हे छापलेलं. हा धंदा अमेरिकेत १९५०च्या दशकात मोठा झाला. कॅलिफोर्नियात बार्कले सिम्पसन यांच्या कंपनीने १९५६ साली तुळईचे हँगर बनवायला घेतले, आणि आज इकडच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात या पत्र्यांची अख्खी एक गल्ली असते. त्या गल्लीत मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा खरं सांगतो, लेगोच्या दुकानातल्या पोरासारखी अवस्था झाली होती. :-)

यावर नाकं मुरडणारी मंडळी भरपूर आहेत. १९७०च्या दशकात इकडे जुन्या पद्धतीच्या लाकूडकामाचं पुनरुज्जीवन झालं, जाड तुळया, खाचा, लाकडी खुंट्या वगैरे, आणि त्या पंथातल्या लोकांना हे पत्रे म्हणजे भ्रष्टाचार वाटतो. "ही सुतारकी नव्हेच, ही तर पॅकिंग केसेस बनवण्याची कला" असा त्यांचा एकंदर सूर. मलाही आधी तसंच वाटायचं. आजोळच्या घराची ती काळीभोर तुळई, एकही खिळा नसलेली, ती आठवली की हे चकचकीत पत्रे अगदीच पोरकट दिसतात.

माझं मत बदललं ते दोन प्रसंगांनी. दुसरा आधी घडला, पण पहिला आधी सांगतो.

म्हातारबाबांनी आधी एक तयार किट मागवलं होतं. डब्यात नुसते लोखंडी कोन, लाकूड तुम्ही आणायचं. जाहिरात अशी की एकही तिरका काप नाही, वीकांतात गॅरेज उभं. किट आलं, कोन झकास होते, पावडर कोटिंग वगैरे. मग परवानगीसाठी आम्ही नकाशा घेऊन गावाच्या बिल्डिंग ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "या जोडांचा भार-तक्ता कुठे आहे?" म्हणजे हा कोन खाली किती वजन घेतो, वर ओढलं तर किती, बाजूला ढकललं तर किती. आम्ही पुस्तिका उलटसुलट केली. छपराचा कोन होता, भिंतीची उंची होती, रंगाच्या सूचना होत्या. वाऱ्याबद्दल एकच ओळ होती: स्थानिक नियम पाहावेत. बाई हसल्या. "स्थानिक नियम म्हणजे मी" असं त्यांचं ते हसू होतं. किट परत गेलं.

म्हातारबाबा घरी येईपर्यंत सरकारला शिव्या घालत होते. मला मात्र बाईंचं शंभर टक्के पटलं. ज्याचा भार-तक्ता नाही असा जोड म्हणजे शोभेची वस्तू. आपण हापिसात एखादी लायब्ररी घेतो, तिचं डॉक्युमेंटेशन नसतं, "चालतंय ना" म्हणून ढकलतो आणि मग रात्री दोन वाजता फोन येतो. फरक इतकाच की तिथे सर्व्हर पडतो, इथे छप्पर. लोखंडी जोडांची खरी किंमत लोखंडात नाही, त्या तक्त्यात आहे. कोणीतरी तो जोड मशीनमधे घालून तुटेपर्यंत ओढला आहे, आकडा लिहिला आहे आणि सुरक्षेसाठी तो पुरेसा कमी करून छापला आहे. पूर्वी हे ज्ञान सुताराच्या हातात असायचं, आणि सुतार चांगला की वाईट हे कळायला वादळ यावं लागायचं.

मग आम्ही दुसरे, तक्तेवाले जोड आणले. भिंतीचं खालचं लाकूड अर्ध्या इंची बोल्टांनी लादीला बांधलं. बोल्ट काँक्रीट ओलं असतानाच पुरलेले, दर सहा फुटाला किमान एक आणि प्रत्येक लाकडाच्या टोकापासून फूटभराच्या आत. सांगाडा उभा राहिला. आणि उभा राहिला म्हणजे काय, तर एका बोटाने ढकललं की डुलत होता. मी घाबरलो. एवढे कोन, एवढे खिळे आणि हे काय? म्हातारबाबा शांत. त्यांनी प्लायवुडचा एक आठ बाय चारचा तक्ता उभा धरला, कडेने दर सहा इंचाला आणि मधल्या खांबांना दर फुटाला खिळा मारला. भिंत एकदम दगड झाली. हा धडा किट विकणारे सांगत नाहीत. जोड लाकडांना एकमेकांपासून सुटू देत नाही, पण चौकोनाचा तिरका चौकोन होऊ न देणं हे काम मुख्यतः त्या फळीचं. सेकंड इयरला कैचीची गणितं सोडवताना "त्रिकोण स्थिर, चौकोन अस्थिर" हे मी घोकलं होतं, मार्कही मिळवले होते. हाताला कळायला सात वर्षं लागली.

माळ्याचे हँगर मी लावले, एकट्याने. अभिमानाने सांगतो, कारण पुढे नाचक्की आहे. खिळा मारताना लाकूड हलत होतं म्हणून मी खिशातले काळे स्क्रू वापरले, जिप्समच्या भिंतीला लावतात ते. ड्रिलने भराभर बसतात, दिसायला खिळ्यापेक्षा मजबूत. इन्स्पेक्टर आला (काम झाकण्याआधी तो येऊन बघतोच), मान वर करून दहा सेकंद पाहिलं, शिडी चढला आणि एका स्क्रूच्या डोक्यावर हातोडीने बाजूने एक टिचकी मारली. टक्. डोकं खाली पडलं. म्हणाला, "खिळा वाकला असता." बस. एवढंच.

तो स्क्रू कडक असतो आणि म्हणूनच ठिसूळ. खिळा मऊ असतो, वाकतो, वाकताना आवाज करतो, वेळ देतो. शिवाय हँगरच्या बाजूची भोकं मुद्दाम तिरकी केलेली असतात, लांब खिळा तुळईतून आरपार मागच्या लाकडात जावा म्हणून. तिथे माझे सव्वा इंची स्क्रू कुठेच पोचत नव्हते. आणि वर काही भोकं मी रिकामी सोडली होती. का? कंटाळा आला म्हणून. कंपायलरची वॉर्निंग बंद करून ठेवणारा माणूस आणखी काय करणार! सगळं उपटून पुन्हा केलं, एक अख्खा शनिवार गेला. अंगठ्याचं नख त्याच दिवसाचं.

आणखी एक गोष्ट त्याने तपासली, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. लादीला टेकणारं लाकूड वाळवी-बुरशी लागू नये म्हणून औषध मुरवलेलं असतं. पूर्वी त्या औषधात आर्सेनिक असायचं. २००३च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते बंद केलं आणि तांब्याचं प्रमाण जास्त असलेली औषधं आली. तांबं आणि झिंक एकमेकांचे शत्रू. साधा गॅल्व्हनाइज्ड पत्रा अशा लाकडाला लावला तर तो बघता बघता खाल्ला जातो, त्यामुळे तिथे जाड झिंकचा थर दिलेले किंवा स्टेनलेसचे जोड लागतात आणि खिळेही त्याच जातीचे. हे लक्षात ठेवा, पुढे कोकणात जायचं आहे.

आता वाशांच्या क्लिपा. हातभर लाकडावर हाताच्या पंजाएवढा पिळलेला पत्रा, दहा खिळे, पाच वाशात आणि पाच भिंतीच्या वरच्या लाकडात. किंमत एक डॉलरच्या आसपास. दर दोन फुटाला वासा, वीस फुटांत अकरा जोड्या, म्हणजे बावीस क्लिपा. मला प्रश्न पडला की वासा तर भिंतीवर बसलेला आहे, वरून छपराचं वजन आहे, तो जाणार कुठे? मी म्हातारबाबांना विचारलं. ते म्हणाले, "वर."

आणि तिथे माझी ट्यूब पेटली, पाच वर्षं उशिरा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. मामाचं घर दापोली तालुक्यात. आम्ही पुण्यात, लॉकडाऊन, फोन बंद, तीन दिवस काही कळेना. चौथ्या दिवशी मामाने डोंगरावर जाऊन फोन केला, "सगळे आहोत. आजी बरी आहे. छप्पर नाही." महिनाभराने ई-पास काढून गेलो. चिऱ्याच्या भिंती जशाच्या तशा, माजघरात वर आकाश, आणि छपराचा एक अख्खा तुकडा पलीकडच्या पोफळीच्या बागेत. आजी त्या दुपारी स्वयंपाकघरातल्या माळ्याखाली बसून होती, म्हणून वाचली. ती अजूनही वारा सुटला की त्याच कोपऱ्यात जाऊन बसते.

तेव्हा सगळे म्हणाले, निसर्गापुढे काय चालतं. नावही निसर्गच होतं, त्यामुळे वाक्य सुचायला सोपं. मीही म्हणालो. पण एक दृश्य डोक्यात अडकून राहिलं होतं, त्याचा अर्थ आता लागला. बागेत पडलेल्या त्या तुकड्यात पत्रे रिपांना घट्ट होते. हुक एकही सुटलेला नव्हता. रीप वाशाला सोडून गेली होती. रिपेतून खिळ्यांची टोकं बाहेर आलेली दिसत होती, सरळ, न वाकलेली. म्हणजे खिळे तुटले नव्हते, वाकले नव्हते, नुसते उपसून आले होते. बाटलीचं बूच निघावं तसे.

खिळ्याचा स्वभावच असा आहे. बाजूने ओढा, तो जीव तोडून धरतो. टोकाच्या रेषेत ओढा, निव्वळ घर्षणावर काय धरेल तेवढंच, आणि लाकूड पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आकसलं की तेही जातं. त्या एक डॉलरच्या क्लिपेची सगळी हुशारी यातच आहे. ती पत्रा वाकवून अशी बसते की छप्पर वर गेलं तरी खिळ्यावर ओढ बाजूने येते. बाकी काही नाही. लोखंडाची ताकद नंतर, आधी दिशा बदलली आहे. माप देऊन केली तर अशी एक क्लिप अडीचशे-तीनशे किलोची वर जाणारी ओढ सहन करते.

मग कोकणातली जुनी घरं शंभर-शंभर वर्षं कशी टिकली, त्यांना कुठे क्लिपा होत्या? हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला आणि रात्री कागद घेऊन बसलो. गणित अगदी साधं आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग मीटर-सेकंदात घ्या, वर्ग करा, ०.६ ने गुणा, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, म्हणजे चौरस मीटरला साधारण ६५० न्यूटन, ६६-६७ किलो. छपरावर वर खेचणारी ओढ ढोबळमानाने एवढीच धरू (कडांना आणि कोपऱ्यांना जास्त असते). आता मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधराएक बसतात, म्हणजे पस्तीस-चाळीस किलो, वर वासे-रिपांचं वजन. वारा आणि वजन यांचा सामना जवळपास बरोबरीत सुटतो. कौलं उडतात, पण कडेची, एकेक करून. पत्रा? चौरस मीटरला चार-पाच किलो. सामना सुरू व्हायच्या आधीच संपलेला.

मामाने कौलं काढून पत्रे घातले ते २०१६ साली. कारण माकडं. ज्यांचं घर कोकणात आहे त्यांना सांगायला नको, माकडं कौलं फोडतात, दरवर्षी शाकारणीला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर परवडत नाही. पत्रा हा अगदी समजण्यासारखा निर्णय होता आणि अजूनही मी त्याला चूक म्हणणार नाही. पण घरातल्या प्रत्येक सांध्याचा विचार "वजन खाली येतं" एवढ्या एका गृहितकावर झाला होता. ते गृहितक आम्ही काढून घेतलं आणि सांधे तसेच ठेवले. घराचा पतंग केला आणि मांजा बांधायला विसरलो.

जुन्या सुतारकामाबद्दलची माझी भक्ती इथे थोडी उतरली, नाही असं नाही. खाचेत बसवलेलं लाकूड दाबायला उत्तम, उपसायला नाही. हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. १७ जानेवारी १९९५ ला जपानमधे कोबेचा भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली, त्यात जुन्या लाकडी घरांखाली सापडलेली खूप. लाकूडकामात ज्यांना देव मानतात त्यांच्या देशात खांब खालच्या खाचेतून उपसून निघाले होते. २००० साली त्यांनी नियम बदलला आणि खांबाच्या वर-खाली लोखंडी जोड बंधनकारक केले. (आणि हो, होर्युजीच्या देवळात एकही खिळा नाही ही थाप आहे. घडीव लोखंडी खिळे आहेत तिथे.) फ्लोरिडात ऑगस्ट १९९२ मधे अँड्र्यू आलं, तिथेही भिंती उभ्या आणि छपरं गायब, मग नियम कडक झाले आणि २००२ पासून अख्ख्या राज्याला एकच कोड लागू झालं. क्लिप ही तिकडे आता कोणी डोकं लावून निवडायची गोष्ट राहिलेली नाही. नाही लावली तर बाई सही करत नाहीत.

आता माझा खरा राग कशावर आहे ते सांगतो. २०२० नंतर कोकणात हजारो घरांवर नवे पत्रे चढले. भरपाईचे पैसे आले, पत्र्यांचे ट्रक आले, पुढच्या वर्षी मेमधे तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा पुन्हा आले. प्रत्येक वेळी पत्रा नवा आणि खिळे तसेच. पत्र्याची जाडी किती यावर लोक तासभर बोलतील, कुठल्या कंपनीचा यावर भांडतील. वासा भिंतीला कशाने बांधला हे कोणी विचारत नाही, कारण त्या जोडाला आपल्याकडे नावच नाही. दापोलीच्या हार्डवेअरवाल्याकडे बिजागऱ्या बारा जातींच्या मिळतात, ही वस्तू एकाही जातीची नाही. आपण दरवेळी आपत्ती म्हणतो त्यातला निम्मा भाग एका पट्टीचा प्रश्न आहे.

मामालाही हेच सगळं सांगितलं, रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या संध्याकाळी. पार गणितासकट.

"मेल्या, तू तिथे बसून मला छप्पर शिकवतोस?"

"मामा, ऐक तरी. रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या लाकडाला आणि ते लाकूड भिंतीला. तिन्ही ठिकाणी पट्टी हवी. एक सोडलीस तर बाकीच्या दोन फुकट."

"भिंतीला कशी बांधणार? चिऱ्यात बोल्ट धरतो होय? भुसभुशीत असतो तो. हातभर भोक पाडलंस तरी ओढल्यावर मातीसकट बाहेर."

मी गप्प. हे कुठल्या तक्त्यात नव्हतं. माझे सगळे आकडे लाकूड आणि काँक्रीटचे. वरून काँक्रीटचा पट्टा ओतायचा हा पुस्तकी उपाय मी सुचवला. मामा म्हणाला त्यासाठी सगळं छप्पर उतरवावं लागेल, आजीला कुठे ठेवू, आणि पैसे तुझा म्हातारबाबा देणार का. फोन ठेवला.

दोन दिवसांनी त्याचाच फोन. म्हणाला, "वरून तिसऱ्या थराच्या खालून भिंतीतून आरपार सळई घालतो. दोन्ही बाजूला टोकं बाहेर. त्या टोकांना पट्टी अडकवून वर वाशावरून घ्यायची. म्हणजे छपराला उडायचं तर वरचे तीन थर उचलून न्यावे लागतील. झेपेल का त्याला?"

मी कागद काढला. थर फुटाला जरा कमी, तीन थर म्हणजे मीटरला थोडे कमी धरू. फूटभर जाडीची चिऱ्याची भिंत, मीटरभर लांबीला सहाशे किलोच्या आत पण पाचशेच्या वर. घराची अर्धी रुंदी पडवी धरून साडेतीन मीटर, म्हणजे मीटरभर भिंतीला वर ओढणारं बल सव्वादोनशे-अडीचशे किलो. दुपटीने पुरतं. च्यायला, माणूस आठवी पास आहे. बोल्ट धरत नसेल तर वजन धरू, इतकं सरळ. जुन्या घराची युक्तीच त्याने परत वापरली, फक्त वजन छपरावरून काढून भिंतीतलं घेतलं आणि मधे लोखंड घातलं.

म्हणून मला हे "जुनं विरुद्ध नवं" भांडण मुळातच फोल वाटतं. खाच-पाचरवाल्यांना दाब कळतो, क्लिपवाल्यांना ओढ कळते, आणि किटवाल्यांना फक्त वीकांत कळतो. :-) गावातल्या तरुण इंजिनियरांनी, आयटीआयच्या पोरांनी, अगदी ग्रामपंचायतीने चार मापांच्या पट्ट्या ठरवून, मशीनवर ओढून, आकडा छापून विकायला ठेवल्या तर पत्र्याच्या एका ट्रकच्या किमतीत अख्ख्या वाडीची छपरं बांधून होतील असं मला वाटतं. हिशोब चुकत असेन तर सांगा, पण "कोकणात हे चालायचं नाही" एवढंच लिहू नका. मामाने चालवून दाखवलं आहे.

म्हणजे, चालवतो आहे. दापोलीच्या एका फॅब्रिकेटरकडून त्याने फ्लॅट पट्टीचे तुकडे कापून, वाकवून, भोकं पाडून घेतले. मी गॅल्व्हनाइज करून घे म्हणून मागे लागलो होतो, खाऱ्या हवेत साधं लोखंड किती दिवस टिकणार? त्याने दोन हात रेडऑक्साइड मारून घेतलं आहे आणि "तुझं ते झिंक रत्नागिरीला जाऊन करावं लागतं, पाऊस तोंडावर आहे" असं म्हणतोय. यावरून आमचं अजून मिटलेलं नाही. भोकांच्या कडांना रंग पोचत नाही, गंज तिथूनच सुरू होणार, हे मी त्याला तीनदा सांगितलं. दर वर्षी मे महिन्यात शिडी लावून बघायचं आणि गंजलेली पट्टी बदलायची असं सध्या ठरलंय.

काल रात्री त्याचा फोटो आला. पडवीच्या बाजूचे सात वासे झाले आहेत, माजघराचे राहिलेत. खाली मेसेज: "पट्टीला सहा भोकं आहेत. चार खिळे बास ना?"

रात्रीचे दीड वाजले होते. मी फोनच केला.